बक्षीस आणि फी

प्रिय अनंता,

नीलिमाने पाठवलेली चित्रकला-स्पर्धांची यादी नीट वाचली. तुमच्या रेवाने अकरावी-बारावीत यातल्या जमतील तितक्या स्पर्धांना चित्रे पाठवायची आणि बक्षिसांच्या पैशांतून कला महाविद्यालयाच्या फीचा बराचसा भार हलका करायचा, असा तुमचा बेत दिसतो. तिने स्पर्धांत उतरायला माझी ना नाही. पण त्यांच्या भरवशावर फीचा हिशेब मांडणे मला धोक्याचे वाटते. ते का, हे जरा सविस्तर लिहिते. फोनवर तू मला मध्येच तोडतोस.

आधी रकमाच बघू. तुमच्या बाल्टिमोरची मेरीलँड इन्स्टिट्यूट कॉलेज ऑफ आर्ट घे, नाहीतर प्रॉव्हिडन्सची रोड आयलंड स्कूल ऑफ डिझाइन. नुसती फी आज वर्षाला 50,000 डॉलरच्या वर आहे. राहणे, जेवण, रंग, कागद, संगणक हे सगळे निराळे. चार वर्षांचे दोन लाख डॉलर हा कमीत कमी आकडा झाला. आता यादीतली सर्वांत जुनी, आणि माझ्या मते सर्वांत सचोटीची, स्कोलॅस्टिकची स्पर्धा पाहा. 1923 पासून ती चालू आहे. सातवी ते बारावीची मुले तिच्यात उतरतात आणि वर्षाला चित्रे व लेखन मिळून 3 लाखांहून अधिक कृती येतात. आधी विभागात ‘गोल्ड की’ मिळवायची, मग त्यांतून राष्ट्रीय पदकांची निवड होते. यातल्या बहुतेक मानांबरोबर पैसा येतच नाही; प्रमाणपत्र येते, कधी प्रदर्शनात जागा मिळते. 12,500 डॉलरची मोठी रक्कम आहे ती बारावीतल्या त्या मोजक्या मुलांसाठी, ज्यांचा अख्खा पोर्टफोलिओ सुवर्णपदकाला पात्र ठरतो. समजा, रेवा त्या मोजक्यांत आली. तरी दोन लाखांचा तो सोळावा हिस्सा झाला, आणि तोही एकदाच मिळणारा. 1982 पासून चालणाऱ्या अमेरिकी काँग्रेसच्या स्पर्धेत प्रत्येक मतदारसंघातले एक चित्र वर्षभर वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये लागते. मान मोठा आहे, पण दुसऱ्या वर्षाची फी भरायची वेळ आली की त्याचा उपयोग काय?

यावर तू अँडी वॉरहॉलचे नाव काढशील, कारण यादीच्या डोक्यावरच ते छापले आहे. वॉरहॉलला शाळेत असताना स्कोलॅस्टिकचा पुरस्कार मिळाला होता हे खरे. पण तो शिकला कशाच्या जोरावर, हे पाहण्यासारखे आहे. पिट्सबर्गमधल्या स्थलांतरित मजुराचा हा मुलगा. लहानपणी तो कार्नेगी इन्स्टिट्यूटच्या शनिवारच्या फुकट चित्रवर्गाला जात असे. वडील 1942 मध्ये वारले, पण धाकट्याच्या कॉलेजसाठी त्यांनी पैसे साठवून ठेवले होते आणि घरच्यांनी ते पैसे दुसरीकडे वळवले नाहीत. त्यातूनच तो 1945 मध्ये कार्नेगी टेकमध्ये गेला. पहिल्याच वर्षी त्याच्यावर नाव कापले जाण्याची वेळ आली. उन्हाळ्यात भावाच्या फळे-भाजीच्या गाडीवर काम करताना त्याने गिऱ्हाइकांची रेखाटने केली आणि त्यांना कॉलेजातच 40 डॉलरचे लायसर पारितोषिक मिळाले. म्हणजे आधी फुकट वर्ग, मग बापाची बचत, मग चुकूनमाकून पुन्हा मिळालेली संधी, आणि या सगळ्याच्या शेवटी 40 डॉलर. स्पर्धा भरवणाऱ्यांनी नाव छापावे, त्यांचा तो हक्कच आहे; पण त्या नावामागचा खर्च त्यांनी उचललेला नव्हता.

माझा मूळ मुद्दा इथेच आहे. स्पर्धेत बक्षीस मिळते ते पुऱ्या झालेल्या कामाला, आणि शाळा लागते ती न जमणाऱ्या कामासाठी. सतराव्या वर्षी परीक्षकापुढे उठून दिसणारे चित्र काढायला आधी पाच-सहा वर्षे चांगला शिक्षक, चांगला कागद, घरात स्वतःचे टेबल आणि शनिवार-रविवार मोकळे हवेत. रेवाला हे मिळाले आहे. म्हणून ती जिंकूही शकेल, आणि म्हणूनच त्या पैशाची गरज तिच्यापेक्षा दुसऱ्या कोणाला तरी जास्त असेल. स्कोलॅस्टिक गरजू मुलांना प्रवेशशुल्क माफ करते, ही चांगलीच गोष्ट आहे. पण शुल्क माफ झाले तरी त्याआधीची पाच वर्षे काही माफ होत नाहीत.

आता यादीत कुठेच नसलेली एक गोष्ट सांगते, आणि ती थेट तुमच्या खिशाशी संबंधित आहे. महाविद्यालय तुमचे उत्पन्न पाहून तुमची गरज ठरवते आणि त्यानुसार स्वतःची मदत देते. मग मूल बाहेरून शिष्यवृत्ती घेऊन आले की बरीच महाविद्यालये तेवढी रक्कम आपल्या मदतीतून कापतात. काही आधी कर्जाचा भाग कमी करतात, ते निदान सोसवते. काही मात्र थेट अनुदानालाच हात घालतात. रेवाने 5,000 डॉलर जिंकले, तर ते अशा रीतीने महाविद्यालयाचेच वाचतील आणि तुमची फी होती तेवढीच राहील. याला आळा घालणारा कायदा 2017 मध्ये सर्वांत आधी तुमच्याच मेरीलँडने केला. पण तो सरकारी महाविद्यालयांना लागू आहे, आणि बाल्टिमोरची तुमची आवडती संस्था खासगी आहे.

नीलिमा म्हणेल, पदक असले की महाविद्यालये आपणहून सूट देतात. देतात, आणि काही तर स्कोलॅस्टिकच्या पदकवाल्यांसाठी वेगळी रक्कमही ठेवतात. पण ती त्याच महाविद्यालयात खर्च होणारी, जाहीर फीवरची सूट असते. 60,000 ची फी सांगून 20,000 सोडणारे महाविद्यालय शेवटी राज्याच्या विद्यापीठातल्या कला विभागापेक्षा महागच पडेल. खरी मोठी स्पर्धा आहे ती प्रवेश अर्जाबरोबरच्या पोर्टफोलिओची. त्यावर मिळणारी गुणवत्ता-शिष्यवृत्ती बहुधा चारही वर्षे चालते, गुण टिकवण्याच्या अटीवर. रेवाचे महिने तिथे जावेत. स्पर्धांसाठी काढलेली चित्रे पोर्टफोलिओत चालतील, हे कबूल. पण परीक्षकाला चटकन भावेल असे एकेक चकचकीत चित्र आणि एका मुलीची विचार करण्याची रीत दाखवणारी पंधरा-वीस कामे यांत अंतर असते. स्पर्धांच्या मागे लागलेली मुले पहिलेच काढत बसतात.

मग शिक्षणाचा खर्च खरोखर उचलणारी स्पर्धा कधी नव्हतीच का? होती. फ्रान्सचे रोम पारितोषिक सतराव्या शतकापासून 1968 पर्यंत चालले. उमेदवारांना खोल्यांत कोंडून चित्र काढायला लावत आणि जिंकणाऱ्याला रोममध्ये काही वर्षे सरकारी खर्चाने ठेवत. चित्रकार दाविद आधीच्या वर्षांत हरत राहिला आणि 1774 मध्ये जिंकला. पैसा वर्षांना मिळत होता, एका चित्राला नव्हे, हा त्यातला शहाणपणा. पण तिथवर पोचायचे तर आधीच अकादमीत घडलेले असावे लागे, आणि विसाव्या शतकापर्यंत बायकांना त्यात उतरताच येत नसे. मला त्याहून जास्त पटते न्यूयॉर्कची कूपर युनियन. 1859 मध्ये पीटर कूपरने ती काढली आणि पुढे शंभरावर वर्षे तिथे निवडल्या गेलेल्या कोणाकडूनच फी घेतली गेली नाही. चढाओढ होती, भलतीच होती, घरी सोडवायला प्रश्न पाठवत; पण ती दारातच संपे. आत गेल्यावर पहिला आणि शेवटचा दोघेही फुकट शिकत. डिझायनर मिल्टन ग्लेझर हा शिंप्याचा मुलगा असाच शिकला. 2014 पासून पैशाच्या ओढाताणीत तिथे अर्धी फी लागली, आणि आता शेवटच्या वर्षापासून ती पुन्हा माफ करत आणण्याचा प्रयत्न चालू आहे.

कोणी म्हणेल, देणगीदार बक्षिसाला पैसे देतात, फीमाफीला देत नाहीत. स्पर्धा बंद केल्या तर तो पैसा गरजूंकडे जाणार नाही, नाहीसाच होईल, हा आक्षेप मला वजनदार वाटतो. समारंभ, फोटो, विजेत्याचे नाव यांसाठीच पुष्कळ जणांची थैली सुटते. म्हणून स्पर्धा असाव्यात. पण त्याच देणगीतून शनिवारचे वर्गही चालू शकतात. पिट्सबर्गमध्ये ते चाललेच होते. आपल्याकडच्या चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटचा दाखला मात्र इथे लावू नकोस. त्या परीक्षा. ठरलेल्या पातळीला पोचलेल्या प्रत्येकाला श्रेणी मिळते, एकाच्या ‘अ’ने दुसऱ्याचा ‘अ’ जात नाही. स्पर्धेत जातो, आणि तोही परीक्षकांच्या त्या वर्षीच्या आवडीवर. हरलेल्या चित्राबद्दल बहुतेक वेळा कोणी दोन ओळीही कळवत नाही, मग रेवा त्यातून शिकणार काय?

तेव्हा यादीतली दोन नावे ठेव. स्कोलॅस्टिक ठेव, आणि यंगआर्ट्सला अर्ज करण्याइतके काम तयार झाले तर तीही. ज्या स्पर्धा प्रवेशशुल्क भरमसाट घेतात, किंवा हरलेल्या चित्रांवरही संयोजकांचा हक्क सांगतात, त्या आजच खोड; नियमांतला शेवटचा परिच्छेद रेवाला मोठ्याने वाचायला लाव. आणि प्रत्येक महाविद्यालयाच्या आर्थिक मदत कार्यालयाला एकच प्रश्न ईमेलने विचार: बाहेरची शिष्यवृत्ती आणली तर तुम्ही आधी काय कमी करता, कर्ज की अनुदान? उत्तर लेखीच घे. ती पत्रे आली की मला पाठव, सूट वजा करून चार वर्षांचा आकडा आपण दोघे बसून काढू. सरकारी विद्यापीठाचाही त्यात धर, नीलिमाला आवडले नाही तरी.

तुझी,
ताई