40 किलोंचा लेथ!

लोखंड कापणारा, आटे पाडणारा खराखुरा लेथ अवघ्या 40 किलोंच्या आसपास असतो, घरातल्या साध्या सॉकेटवर चालतो आणि टेबलावर मावतो! हे कळल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही. बाजारात त्याला मिनी लेथ म्हणतात. नेहमीचं माप म्हणजे बेडवर, म्हणजे मशीनच्या खालच्या लांब पायावर, फिरणाऱ्या जॉबचा 180 मिमी व्यास आणि दोन सेंटरांमध्ये 350 मिमी लांबी. हा 180 चा आकडा मात्र जपून वाचायचा; लांब जॉब लावला की खाली टूल धरणारी क्रॉस स्लाइड आडवी येते आणि व्यास बराच घटतो.

पण मला खरं वेड लावलंय आट्यांनी. जॉब धरून फिरवणारा चक आणि टूल सरकवणारा लीड स्क्रू गियरनी एकमेकांना बांधलेले असतात. लीड स्क्रूचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, 1.5 मिमी आहे आणि चकाच्या तीन फेऱ्यांत तो दोनच फेऱ्या घेईल असे गियर लावले, तर चकाच्या दर फेरीला टूल नेमकं 1 मिमी सरकतं. पडले 1 मिमी पिचचे आटे! लंडनच्या हेन्री मॉडस्लेनं 1800 च्या सुमारास हीच करामत साधली होती, आणि ती आता माझ्या गॅलरीत होणार! वेगळ्या पिचसाठी गियर बदलावे लागतात, म्हणून मशीन घेताना चेंज गियरचा पूर्ण संच हवाच हवा.

जुना लेथ घ्यायचा विचारही होता. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका टर्नरना विचारलं, तर म्हणाले, “रंगाकडं बघू नका, बेड बघा.” काय परीक्षा सांगितली त्यांनी! बेड सगळ्यात जास्त झिजतो चकाजवळ, कारण बहुतेक काम तिथंच होतं. टूल वाहणारी कॅरेज तिथं नीट आवळून घ्यायची आणि दुसऱ्या टोकाच्या टेलस्टॉककडे न्यायची. वाटेत जाम झाली, तर बेड झिजलाय. शंभर रुपयांचंही उपकरण लागत नाही!

आणि वजन. हलकं मशीन खोल कट घेताना थरथरतं, जॉबवर लाटा उमटतात. दोन मशीनांत अडलात तर लांबीपेक्षा जाड बेडाला पैसे मोजा, असंच मी म्हणेन. तीन जबड्यांचा थ्री-जॉ चक मिळतोच. सोबत चार जबड्यांचा फोर-जॉ घ्या, चौकोनी तुकडाही धरता येतो.

माझं पहिलं काम ठरलंय. मी पाहिलेल्या मशीनचा टेलस्टॉक दर वेळी पान्यानं आवळावा लागतो. त्याला झटक्यात आवळणारी दांडी बनवायची, आणि तीही त्याच लेथवर!