चाळीस नऊ

आकड्याचा शब्द करणारा कोड मी दोन पद्धतींनी लिहिला. पहिली नियमाची: ४९ ला दहाने भागा, ‘चाळीस नऊ’ म्हणा. दुसरी तक्त्याची: एकोणपन्नासाव्या घरातला शब्द थेट उचला. तक्ता जलद ठरला. तरी मन नियमाकडेच. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ आणलं, तेव्हाही मला पटलं होतं. एकोणपन्नास-एकोणसाठच्या घोळात मी शाळेत मार खाल्लाय.

चौलला आजीचे नारळ मोजताना फोन बोलला, ‘चाळीस नऊ’.

“चाळीस की नऊ? काय ते एक सांग रे!”

तिला एकोणपन्नास क्षणात कळतं. तक्ता जलदच असतो. फक्त तो पाठ करताना गेलेला वेळ, खाल्लेला मार, मी कधी मोजला नव्हता.