विवाहापूर्वीची एक चौकशी

आपल्या समाजात विवाह ठरविण्यापूर्वी चौकशी करण्याची परंपरा जुनी आहे. मुलगा कोणत्या गावचा, घराणे कसे, व्यसन आहे काय, नोकरी कायमची की तात्पुरती, हे सारे मामा-मावश्यांच्या तोंडून कळत असे. ख्रिस्तसभाही आपल्या परीने चौकशी करते. बाप्तिस्म्याचा दाखला मागविला जातो, धर्मगुरू वधूवरांची स्वतंत्र मुलाखत घेतात, विवाहपूर्व शिबिर असते आणि वेदीवरून विवाहाची घोषणा होते. कोणास काही अडथळा ठाऊक असल्यास त्याने तो वेळीच सांगावा, हा त्या घोषणेचा हेतू. इतकी काळजी घेणारे आपण एका प्रश्नापाशी मात्र मान खाली घालतो. उद्या एकदेह होणाऱ्या या दोघांपैकी कोणास एखादा लैंगिक संसर्ग तर नाही ना, हे विचारण्याचा आपल्याला संकोच वाटतो.

आम्ही उभयता गेली तीस वर्षे हडपसरला राहतो. आम्ही आलो तेव्हा मगरपट्ट्यात शेती होती. आज तेथे उंच इमारती आहेत. नगर, जालना, वसई, गोवा अशा ठिकठिकाणांहून आलेली कुटुंबे येथे शेजारी बसून मिस्सा ऐकतात. तरुण मंडळी कामाच्या ठिकाणी एकमेकांना भेटतात आणि लग्न ठरवितात. मामा-मावश्यांना बहुधा दुसऱ्या पक्षाचे गावही माहीत नसते. अर्थात, माहीत असते तरी रक्तातील जंतू त्यांना दिसले नसते.

आमची एक पुतणी ऐन तिशीत विधवा झाली. तिचे यजमान यकृताच्या विकाराने गेले. नातलगांत कुजबूज झाली, तशी ती नेहमीच होते. चार वर्षांनी एका विधुर गृहस्थाचे स्थळ आले. दोघांची मने जुळली. तेव्हा ती आम्हाला म्हणाली, “काका, काकू, तारीख धरण्याआधी मी सगळ्या तपासण्या करून घेणार आहे. आणि त्यांनीही कराव्यात, असं मी त्यांना सांगणार आहे.”

त्या गृहस्थांना तिचे म्हणणे पटले. त्यांच्या थोरल्या भगिनींना मात्र पटले नाही. “आमच्या भावाच्या चारित्र्यावर शंका घेता काय?” असे त्यांनी आम्हाला फोनवर विचारले. आम्ही म्हणालो, “ताई, आमची मुलगी आधी स्वतःचं रक्त देते आहे. शंका घ्यायचीच असेल, तर ती पहिल्यांदा स्वतःवर घेते आहे.” पलीकडून बराच वेळ उत्तर आले नाही. पुढील आठवड्यात ते दोघे मिळूनच तपासणीला गेले.

ताईंचा प्रश्न मनातून सहज जाण्यासारखा नव्हता, कारण तो आपणा सर्वांचाच आहे. सद्‍वर्तनी माणसाला तपासणीची गरज काय? याचे उत्तर आपल्या पुण्यातच, फार पूर्वी मिळालेले आहे. भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेचे डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांचे सहकारी यांनी 1993 ते 1996 या काळात पुण्यातील गुप्तरोग चिकित्सालयांत आलेल्या 916 स्त्रियांची पाहणी केली. त्यांपैकी 391 स्त्रिया देहविक्रय करणाऱ्या नव्हत्या. या 391 जणींपैकी 13.6 टक्के स्त्रियांना एच.आय.व्ही.ची लागण झालेली आढळली. या स्त्रिया चिकित्सालयात आलेल्या होत्या, म्हणून हे प्रमाण सर्वसामान्य घरांना लागू होत नाही. तथापि, 1997 साली प्रसिद्ध झालेल्या त्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच ‘एकनिष्ठ विवाहित स्त्रिया’ असे शब्द होते. त्यांनी आपले वचन पाळले होते. घरात काय आले आहे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

शिवाय संसर्ग म्हणजे पाप, हे समीकरणही खरे नाही. ‘ब’ प्रकारची कावीळ बाळंतपणात आईकडून बाळाला होऊ शकते. दूषित सुईतूनही रोग येतो. आणि पूर्वायुष्यात कोणाचे पाऊल घसरले असेल, तर प्रायश्चित्त संस्काराने त्याला क्षमा मिळते. परंतु रक्तातील जंतूला औषधच लागते.

मग शासनाने ही तपासणी सक्तीचीच का करू नये? गोव्यात 2006 साली विवाहापूर्वी एच.आय.व्ही. तपासणी सक्तीची करण्याचा विचार पुढे आला होता आणि त्यावर मोठा वाद झाला. सक्ती आम्हाला योग्य वाटत नाही. सक्तीचा कागद पैसे देऊन मिळविता येतो, आणि दोष निघालाच तर तो गावभर होतो. 1998 साली सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात नियोजित वधूचा सत्य जाणण्याचा हक्क मान्य केला. मात्र त्याच निकालात बाधित व्यक्तीच्या विवाहाच्या हक्काविरुद्ध जे उद्‍गार आले होते, ते अनावश्यक होते असे न्यायालयानेच 2002 साली स्पष्ट केले. आज 2017 चा एच.आय.व्ही. व एड्स कायदा लागू आहे. त्यानुसार समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय ही तपासणी करता येत नाही. त्याचबरोबर आपल्याला लागण आहे हे ठाऊक असलेल्याने जोडीदाराच्या रक्षणासाठी योग्य ती खबरदारी घेतली पाहिजे. आपल्या धर्मसभेच्या कायद्याचे कलम 1098 ही याच दिशेचे आहे. वैवाहिक जीवन गंभीरपणे बिघडविणारी गोष्ट संमती मिळविण्यासाठी मुद्दाम लपवून, फसवून केलेला विवाह मुळातच अवैध ठरतो.

तपासणी तशी साधी आहे. शासकीय रुग्णालयांतील समुपदेशन व चाचणी केंद्रांत एच.आय.व्ही.ची चाचणी विनामूल्य होते. आधी समुपदेशक बोलतो, नंतर रक्त घेतले जाते, निकाल गुप्त राहतो. रक्तावरूनच गरमी आणि ‘ब’ व ‘क’ काविळीचा शोध लागतो. परम्यासारख्या रोगांसाठी लघवी तपासतात. संसर्ग नुकताच झाला असल्यास तो लगेच दिसत नाही; एच.आय.व्ही.च्या बाबतीत काही आठवडे, क्वचित तीन महिने थांबून पुन्हा तपासावे लागते.

आणि निकाल प्रतिकूल आला म्हणून सारे संपत नाही. गरमी पेनिसिलीनने बरी होते. ‘ब’ काविळीची लस आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत होणाऱ्या विषाणूवरील भारतीय लस 2023 साली बाजारात आली. या दोन्ही लसी आपल्या हडपसरच्याच सिरम इन्स्टिट्यूटने तयार केल्या आहेत. एच.आय.व्ही.वरील औषधे शासन 2004 पासून विनामूल्य देते. एक जोडीदार बाधित असलेल्या 1763 जोडप्यांचा अभ्यास नऊ देशांत झाला, त्यात पुणेही होते. लवकर उपचार सुरू केल्यास जोडीदाराला होणारी लागण 96 टक्क्यांनी कमी होते, हे त्यातून 2011 साली सिद्ध झाले. अशी माणसे विवाह करतात, त्यांना निरोगी मुलेही होतात. अट इतकीच की दोघांनाही सत्य ठाऊक असावे.

तोबीतच्या ग्रंथातील सारेचा विवाह आपण सारे जाणतो. तिचे सात पती पहिल्याच रात्री मरण पावले होते. तरुण तोबियाने तिला मागणी घातली, तेव्हा तिचा पिता रगुएल ही गोष्ट झाकू शकला असता.  तरीही कन्यादानापूर्वी रगुएलने त्याला सारे सांगितले. ऐकूनही तोबिया मागे हटला नाही. महादूत राफाएलने दिलेला उपाय त्याच्याजवळ होता. तो त्याने केला आणि मग दोघांनी मिळून प्रार्थना केली. आधी सत्य, मग उपाय आणि मग प्रार्थना, असा तो क्रम आहे.

आमच्या पुतणीचा विवाह ठरल्याप्रमाणे जानेवारीत न होता ईस्टरनंतर झाला. अहवालांत काय होते, ते आम्ही विचारले नाही. ते त्या दोघांचे होते. थोरल्या ताईंनी स्वतः वधूच्या डोक्यावर फुले माळली. विवाहपूर्व शिबिरात या विषयासाठी एक तास ठेवावा, डॉक्टरांना बोलवावे आणि आईवडिलांनी आपल्या मुलांना “तुम्ही दोघं मिळून जा, निकाल आम्हाला सांगू नका” एवढेच म्हणावे, अशी आमची विनंती आहे. सुखदुःखात आणि आजारपणात साथ देण्याचे वचन वधूवर वेदीसमोर देतात. ते वचन डोळे उघडे ठेवून देण्याचा त्यांना अधिकार आहे.