कर्नाळ्याच्या बांडगुळावर

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही दोन कुटुंबे, पोराबाळांसह नऊजण, पनवेलहून एस.टी.ने कर्नाळ्याला उतरलो. मुंबई-गोवा रस्त्यालगतचे हे पक्षी अभयारण्य १९६८ सालचे. वर अंगठ्यासारखा सुळका, खाली दाट झाडी. सोबत भाकरी, सुकट-चटणी आणि आमच्या सत्तरीच्या आई.

मुलीने पुस्तकात हमिंगबर्ड पाहिला होता. तोच पाहायचा तिचा हट्ट. वाचकहो, हमिंगबर्ड फक्त अमेरिकेच्या दोन खंडांत असतो. फुलांतला मध पिणारा आपला पक्षी म्हणजे सूर्यपक्षी, शिंजीर. तो बहुधा फांदीला बिलगूनच चोच घालतो. त्यातला एक लाल छातीचा केवळ सह्याद्रीच्या पट्ट्यात राहतो. आम्ही त्याच्या शोधात होतो.

दोन तास माना दुखेपर्यंत पाहिले. वाटेत भेटलेले एक गृहस्थ म्हणाले, "दुर्बीण नाही? मग काय दिसणार!" पोरगी गप्पच झाली.

आई मागून काठी टेकत येत होत्या. लहानपणी जावळीच्या रानात त्यांनी मोळ्या वाहिल्या आहेत. म्हणाल्या, "शेंड्याला काय बघताय? बांडगूळ कुठं फुललंय ते बघा."

बांडगूळ हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. दुसऱ्याच्या जिवावर जगणारे म्हणून. पण ऐन थंडीत त्याच्या नळीसारख्या फुलांत मध असतो. मिटलेली कळी पक्ष्याने चोचीत दाबली की पटकन उघडते आणि पराग त्याच्या कपाळाला लागतो. तोच पुढच्या फुलाला पोचतो.

आंब्यावर एक झुपका फुललेला सापडला. वीसेक मिनिटे गेली. मग बारीक 'चिक्' झाले आणि तो आला! चिमणीहून सडपातळ, बाकदार चोच, गळा-छाती रक्तासारखी लाल, तिच्यावर पिवळ्या रेघा. मान वळवली तसे डोके हिरवे चमकले. पोरगी धावत मागे गेली आणि त्या दुर्बीणवाल्या काकांनाच बोलावून घेऊन आली.

आईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांना नुसता आवाज येत होता. नात कानाशी लागून एकेक रंग सांगू लागली. आई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "आन् गालावर जांभळी रेघ असती, ती हाय का गं?"

पोरीने पुन्हा वर पाहिले. "आहे, आजी."