तीन नंबरचं कोटेशन

सरकारी शाळेत काहीही विकत घ्यायचं झालं की तुलनात्मक तक्ता करावा लागतो. तीन दुकानदारांचे दर शेजारी शेजारी मांडायचे आणि ज्याचा दर सगळ्यात कमी त्याच्यापुढे ‘मंजूर’ लिहायचं. इंदापूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत असा तक्ता मी डोळ्यांनी पाहिला. तिसऱ्या रकान्यात माझ्या दुकानाचं नाव होतं. दर सगळ्यात जास्त. त्याला आता बरेच दिवस झाले, पण डोक्यातून जात नाही.

दुकान बारामतीत, भिगवण चौकापासून जवळ. वडिलांचं वह्या-पुस्तकांचं होतं. मी आधी त्यातलं एक कपाट खेळाच्या सामानाचं केलं, मग अर्धं दुकान, मग सगळंच. बॅटी मेरठ-जालंधरच्या, काश्मीर विलोच्या, जाळ्या, कबड्डीचे बूट, रॅकेटी, लंगोट, गोळा-थाळी. खरं पोट मात्र ट्रॉफ्या आणि छापील टी-शर्टांवर भरतं. कारखान्यांची ऊसबिलं पडली की गावोगाव हाफपीच स्पर्धा सुरू होतात आणि प्रत्येक चषकाला कुणाचं तरी नाव असतं. 2020 च्या फेब्रुवारीत आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्टेडियमवर रणजीचा सामना झाला, तेव्हा वाटलं आता बारामतीत क्रिकेटचं सामान धावणार. मी भरपूर माल भरला. पुढच्याच महिन्यात लॉकडाऊन लागला. असो, ते सगळ्यांचंच झालं.

तर ते कोटेशन. जानेवारीत मुख्याध्यापक गुरुजींचा फोन आला, “शेठ, क्रीडा अनुदान जमा झालंय. मार्चच्या आत खर्ची टाकायचंय. जरा येऊन बघा काय काय लागंल.” समग्र शिक्षा योजनेत प्राथमिक शाळेला 5,000, उच्च प्राथमिकला 10,000 आणि माध्यमिक-उच्च माध्यमिकला 25,000 रुपयांपर्यंत खेळाच्या सामानासाठी मिळतात. ही शाळा सातवीपर्यंतची, म्हणजे दहा हजारवाली. मी मोटरसायकल काढली. काटेवाडी, भवानीनगर, लासुर्णे करत पोचलो. मैदान बघितलं. मुलं काय खेळतात ते विचारलं. व्हॉलीबॉलचे खांब होते, जाळी नव्हती. गोळाफेकीत दोन मुली चांगल्या आहेत म्हणाले. खो-खोचा एक खांब भेगाळलेला. गुरुजींना कॅरम हवा होता. मी म्हणालो, “कॅरम राहू द्या गुरुजी, खोलीत बसून चार पोरं खेळणार. त्या पैशात जाळी येईल.” त्यांना पटलं.

घरी येऊन रात्री यादी केली. नुसती नावं लिहिली नाहीत. व्हॉलीबॉल हाताने शिवलेला, आत बदलता येणारा ब्लॅडर, वजन 260 ते 280 ग्रॅम. गोळा मुलींसाठी 3 किलो, मुलांसाठी 4 किलो, ओतीव लोखंडाचा. जाळीची दोरी कुठली, खांबाचं लाकूड कुठलं. मध्येच आठवलं म्हणून तीस मीटरची मोजपट्टी घातली, ती गोळ्याच्या खाली आणि जाळीच्या वर आली. बेरीज दहा हजारांच्या आत बसवायची म्हणून स्वतःचा नफा कापला आणि 9,850 वर आणून ठेवली. लेटरहेडवर टाइप करून सही-शिक्क्यानिशी दिली.

त्यानंतर काही नाही. मार्च गेला. मी एकदा फोन केला तर “बघतो, बघतो” झालं. अशा वेळी आपण समजून घ्यायचं असतं.

पावसाळ्यात तालुक्याच्या शालेय स्पर्धा झाल्या आणि एका सकाळी गुरुजी गोणपाटाची पिशवी घेऊन दुकानात हजर. पिशवीतून दोन व्हॉलीबॉल निघाले. रबरी, साच्यातले. उन्हात ठेवून एकाला बाजूला फुगवटा आलेला, लोटला की वेडावाकडा जायचा. “याचा ब्लॅडर बदलून मिळंल का?” त्याला बदलायचा ब्लॅडरच नसतो, हे मी सांगितलं. मग त्यांनी पिशवीच्या तळातून गोळा काढला. चंदेरी रंग, अगदी झकास. मी हातात घेतला आणि घेताक्षणी कळलं. पार्सलं तोलायचा इलेक्ट्रॉनिक काटा दुकानात असतोच, त्यावर ठेवला. 2 किलो 610 ग्रॅम.

गुरुजी काट्याकडे बघत राहिले. त्यांच्या त्या दोन मुलींपैकी एक शाळेत याच गोळ्यावर महिनाभर सराव करत होती. फेक चांगली जात होती. तालुक्याला खराखुरा तीन किलोचा गोळा हातात आला आणि फेक मीटरभर अलीकडे पडली. मुलगी रडली. सगळे तिला म्हणाले, घाबरलीस. तिचा दंड चारशे ग्रॅमनं फसवला गेलाय हे मैदानावर कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

पुढच्या आठवड्यात खो-खोचा खांब बसवून द्यायला शाळेत गेलो. ज्यांनी माल दिला त्यांचा नंबर बिलावर आहे का बघू, म्हणून गुरुजींनी कपाटातून फाइल काढली. बिलाच्या मागेच तो तक्ता. ‘व्हॉलीबॉल, नग 2. गोळा, नग 2. मोजपट्टी, नग 1. जाळी, नग 1.’ माझीच यादी. तोच क्रम, मोजपट्टी तशीच गोळ्याच्या खाली आणि जाळीच्या वर. फक्त वजन, शिवण, लाकूड, दोरी सगळं गाळलेलं. मंजूर झालेलं कोटेशन 8,900 चं. दुसरं 9,400 चं, कुठल्याशा अशा दुकानाचं ज्याचं नाव मी या धंद्यात कधी ऐकलं नाही. दोन्ही कागद मी शेजारी धरले. दोन वेगळी दुकानं, दोन वेगळी गावं, पण टाइप एकच, समास एकच आणि दोन्हीकडे व्हॉलीबॉलवर काना नाही. एकाच संगणकावर बसून दोन दुकानांची कोटेशनं झालेली होती आणि तिसरं, खरं, फाइल पुरी करायला माझं.

म्हणजे मी पन्नास-साठ किलोमीटर फिरून, रात्र घालवून, त्यांना यादी करून दिली. माझ्या यादीवर त्यांनी बिल केलं. आणि कागदोपत्री मी महागडा दुकानदार ठरलो. ऑडिटवाला आला तरी त्याला सगळं चोख दिसणार. तीन कोटेशनं आहेत, सगळ्यात कमी दर मंजूर आहे, नग बरोबर आहेत. काट्यावर गोळा ठेवायला ऑडिटमध्ये रकाना नाही.

गुरुजींना मी काही बोललो नाही. त्यांचा दोष किती हे मला आजही ठरवता येत नाही. वरून कुणी सुचवलं, कुणी माल आणून टाकला, कुणी कागद तयारच दिले, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मार्चमध्ये पैसे खर्ची पडले नाहीत तर परत जातात, ही टांगती तलवार त्यांच्या डोक्यावर असते. शिकवायचं, पोषण आहार बघायचा, ऑनलाइन माहिती भरायची, वर व्हॉलीबॉलची शिवण तपासायची. पण मग वाटतं, स्वतःच्या घरी गॅसची टाकी घेताना आपण वजन बघतोच की.

लोक म्हणतात छोट्या दुकानदाराला ऑनलाइननं मारलं. मी वर्षानुवर्षं हेच म्हणत आलोय. पोरगा येतो, बूट घालून दुकानात चार फेऱ्या मारतो, नंबर बघतो, खोक्याचा फोटो काढतो आणि “पप्पांना विचारून येतो” म्हणून जातो. दोन दिवसांनी तेच बूट घालून रस्त्याने जाताना दिसतो, वर हात करतो. राग यायचा. आता तितका येत नाही, कारण ऑनलाइन घेतलेल्या रॅकेटी घेऊन तीच पोरं गटिंगला येतात. चोवीस पाउंड ताण द्या, सव्वीस द्या. आधी मला वाटायचं, दुसऱ्याकडून घेतलेल्या रॅकेटला हात लावायचा नाही. आता पावसाळ्यात गटिंग-मजुरीवर दुकानाचं वीजबिल निघतं. ऑनलाइनवाला निदान माझ्या नावाचा कागद वापरून मला हरवत नाही.

तरी धंद्याचं खरं दुखणं मला त्या तक्त्यातच दिसतं. ज्ञान फुकट, माल दुसऱ्याचा. भिगवणकडच्या एका ओळखीच्या माणसाचं उदाहरण सांगतो. उजनीच्या पाणलोटाला फ्लेमिंगो बघायला पुण्याची माणसं येतात, त्यांच्यासाठी या माणसानं राहायची सोय केली. दुपारी पाहुणे कंटाळतात, म्हणून त्याला पेंटबॉल सुरू करायचं होतं. रंगाच्या गोळ्यांची बंदूक, चिलखत, मास्क, लोणावळ्याकडे असतं तसं. मला या खेळाचं ओ की ठो माहीत नव्हतं, पण गिऱ्हाईक आपलं. बसून शोधलं. 1981 साली अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या जंगलात हा खेळ पहिल्यांदा खेळला गेला आणि त्यासाठी वापरलेली बंदूक मुळात झाडांवर आणि जनावरांवर खूण मारायला बनवलेली होती. हे वाचून मला मजा वाटली, आपल्याकडे तर जनावरांच्या बाजारात शिंगांना रंग लावतात. गोळ्यांचं कवच जिलेटिनचं, कॅप्सूलसारखं. दमट हवेत फुगतं, उन्हात मऊ पडतं. माल येतो तो दोन हजार गोळ्यांच्या खोक्यात. मे महिन्यात आमच्या पत्र्याच्या गोदामात त्या कशा टिकणार? कार्बन डायऑक्साइडच्या नळ्या कुठे भरून घ्यायच्या, एमआयडीसीत आग विझवायचे सिलिंडर भरणाऱ्याला विचारून आलो. मास्कशिवाय एकालाही मैदानात सोडायचं नाही हेही बजावलं, डोळा गेला तर परत येत नाही.

मुंबईच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडून भाव मागवला. त्यानं विचारलं, माल कुठे जाणार? मी सांगितलं. चार दिवसांनी कळलं की त्यानं थेट भिगवणला फोन लावून, माझ्या भावापेक्षा कमी भाव देऊन माल पाठवला. ओळखीचा माणूस प्रामाणिक, त्यानंच येऊन सांगितलं. “दादा, तुम्ही मध्ये होता म्हणून विचारलं, पण तो म्हणाला बारामतीचं कमिशन कशाला?” शेवटी या ओळखीच्या माणसाच्या गोळ्या उन्हाळ्यात एकमेकींना चिकटून बसल्या, तेव्हा त्या कशा ठेवायच्या हे विचारायला फोन मात्र मला आला. मी सांगितलं. न सांगून काय करणार, माणूस रोज भेटतो.

यात कराची भानगड वेगळीच. माझ्यासारखे छोटे दुकानदार जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असतात. गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेता येत नाही आणि खरेदीवर भरलेला कर वळताही होत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून खेळाच्या सामानावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, चांगलंच झालं. पण कपाटात असलेला माल मी 12 टक्के भरून आणलेला, आणि गिऱ्हाईक पेपर वाचून आलेलं, “शेठ, आता स्वस्त झालं ना?” त्याला कंपोझिशन समजावत बसायचं की बॅट विकायची? मी बॅट विकतो.

मित्र सांगतात, सल्ल्याचे पैसे घ्यायला लाग. शाळेत जाऊन यादी करून द्यायची तर पाचशे रुपये. मलाही हे पटतं, आणि पटूनही मी आजवर कुणाकडून घेतलेले नाहीत. गुरुजींकडून पाचशे मागायचे कसे? त्यांची पहिली नेमणूक माझ्याच गावात होती, माझा धाकटा भाऊ त्यांच्या हाताखाली शिकला. शिवाय मैदान बघून यादी करायला मला आवडतं, हेही आहे. दुकानाच्या गल्ल्यामागे बसण्यापेक्षा ते बरं वाटतं. म्हणजे वर एवढा त्रागा केला तो पैशासाठी की नावासाठी, नक्की सांगता येणार नाही. बहुतेक नावासाठी. जास्त दरवाला म्हणून सहीनिशी फाइलीत राहिलो हे झोंबतं.

त्या मुलीसाठी मी तीन किलोचा गोळा शाळेत नेऊन दिला, बिल केलं नाही. यंदाही त्या शाळेनं कोटेशन मागवलं आणि मी दिलं, प्रत्येक वस्तूपुढे वजन आणि माप ठळक अक्षरात घालून. ऑर्डर अजून आलेली नाही.

मुख्याध्यापकांना एकच विनंती. माल माझ्याकडून घेऊ नका हवं तर, पण तुलनात्मक तक्त्यात नगाशेजारी वजनाचा आणि प्रतीचा रकाना घाला. आणि सामान आलं की पोचपावतीवर सही करण्याआधी गोळा गावातल्या किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवून बघा. त्याला कुठल्याही परिपत्रकाची गरज नाही.