टिकटिक आहे, ज्योत नाही

वर्धा-नागपूर लोहमार्गावरचे सिंदी (रेल्वे) तान्ह्या पोळ्यासाठी प्रसिद्ध. इथे भट्टी लावून घर तापवावे लागत नाही. डिसेंबरातला गारठा खरा जाणवतो तो न्हाणीघरात, गॅस गीझर रुसला की.

“काहून पेटून नाही राहिला जी?” आतून विचारणा होते. घरधनी सवयीने सिलिंडर हलवून पाहतो, मग थबकतो. आधी ऐकायला हवे.

नळ सोडूनही टिकटिक नाही, म्हणजे संशय सेलवर किंवा पाण्यावर. अशा गीझरात बहुधा दीड व्होल्टचे दोन सेल असतात. पाण्याचा दाब आतला रबरी पडदा ढकलतो, तेव्हाच स्विच दबतो, ठिणगी पडते आणि गॅसची झडप उघडते. टाकी फार उंचावर नसली किंवा जाळीत क्षार साचले, तर पडदा जागचा हलत नाही.

टिकटिक होऊनही ज्योत नसेल, तर रेग्युलेटर, नळी, सिलिंडर पाहावे. शेगडी पेटते म्हणून गॅस भरपूर आहे, असे नसते. गीझरला तो कितीतरी जास्त लागतो.

दुरुस्ती करताना घरधन्याच्या मनात वेगळीच चिंता घोळते. एलपीजीला वास मुद्दाम दिलेला असतो, गळती कळते. त्यासाठी 1906 हा क्रमांकही आहे. गॅस नीट न जळल्याने होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला मात्र वासच नाही. बंद न्हाणीघरात आंघोळ करणाऱ्याला तो कळत नाही. म्हणून या वेळी गीझर पुन्हा आत न लावता मागच्या मोकळ्या ओट्यावर बसवायचे ठरते.