वेल्डिंग मशीन आणि तहानलेला हरभरा

विहिरीच्या लोखंडी पाइपाचे जोड मारायला छोटं इन्व्हर्टर मशीन नेलं. तिसऱ्या जोडाला पिवळा दिवा लागला. थोडं थांबून पुन्हा ओढलं, तर मशीन कायमचं गप्प. ऐन फुलोऱ्यातला हरभरा चार दिवस पाण्यावाचून राहिला.

मिस्त्रीनं मशीन उघडलं. कार्ड जळालेलं, आत लोखंडाचा कीस. मी शेजारीच ग्राइंडर चालवत होतो, पंख्यानं तो आत ओढला. त्यात शंभर फूट बारीक वायर, व्होल्टेज पडलेलं.

मशीनवर 60 टक्के ड्यूटी सायकल लिहिलं असेल, तर त्या अँपिअरला 10 मिनिटांत 6 मिनिटंच काम. दिवा लागला की बटण बंद करू नका, पंखा फिरू द्या. ग्राइंडर लांब ठेवा, वायर जाड घ्या. माझं चुकलं, तुमचं चुकू नये.